‘गुड न्यूज’साठी आधी त्याची शुगर बघा!

लग्न ठरवताना मुलाचं पॅकेज विचारतात, फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा तेही विचारतात, पत्रिकेतली नाडसुद्धा बघतात. त्याच्या रक्तातली साखर मात्र कुणी विचारत नाही. पोट सुटलेलं असलं तर ‘खात्यापित्या घरचा आहे’ म्हणून उलट कौतुकच! मग दोन वर्षांत ‘गुड न्यूज’ आली नाही की दवाखान्याच्या फेऱ्या सुरू होतात तिच्या. सोनोग्राफी तिची, हार्मोन्सच्या टेस्ट तिच्या आणि उपासतापासही तिचेच.

खरं तर मूल न होण्याच्या साधारण निम्म्या केसेसमध्ये पुरुषाच्या बाजूनेही काही ना काही कारण असतं. वाढलेलं वजन आणि मधुमेह ही त्यातली दोन कारणं. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यात तरुण मुलंही आलीच.

आत नेमकं होतं काय? पोटावरची चरबी नुसती बसून राहत नाही. तिच्यातलं एक एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करून टाकतं. शुक्राणू नीट तयार व्हायला वृषणांचं तापमान शरीरापेक्षा दोन-तीन अंशांनी कमी लागतं. आजूबाजूला चरबी साठली की तो गारवा टिकत नाही. वाढलेली साखर शुक्राणूंमधल्या डीएनएला इजा करते, शिवाय बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब करते. त्यातून ताठरतेचा त्रास सुरू होतो. कधी कधी तर मधुमेहाची पहिली खूण हीच असते. पण मुलं डॉक्टरकडे जायचं सोडून मेडिकलमधून गुपचूप गोळी आणतात आणि आजार तसाच वाढत राहतो.

याचा अर्थ प्रत्येक जाड मुलाला अडचण येईलच असा नाही. पण शंका असेल तर तपासायला काय हरकत आहे? अडतं ते मर्दानगीपाशी. वीर्यतपासणीचं नाव काढलं की आपल्यावर ठपका आला असं वाटतं. मूल न झालेल्या बाईला टोचायला आपल्याकडे ‘वांझ’ हा शब्द तयार असतो. पुरुषासाठी तसा रोजच्या वापरातला शब्दच नाही, कारण दोष त्याचा असू शकतो हे कुणी धरूनच चालत नाही.

आणि हो, बॉडी बनवायला जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलं तर सावध राहा. बाहेरून हे हार्मोन मिळालं की शरीर स्वतःचं काम थांबवतं आणि शुक्राणू तयार होणंच बंद पडू शकतं.

दिलासा इतकाच की शुक्राणूंची नवी खेप तयार व्हायला साधारण अडीच-तीन महिने लागतात. म्हणजे आज वजन आणि साखर आटोक्यात आणायला घेतली, तर काही महिन्यांत फरक दिसू शकतो. सुरुवात घरातल्या मोजपट्टीने करा. कंबर ९० सेंटिमीटरच्या वर गेली असेल, तर उपाशीपोटी शुगर तपासून घ्या. वीर्यतपासणीत ना सुई टोचत ना भूल लागत. तिच्या तपासण्यांच्या मानाने ती फारच सोपी आहे.

तेव्हा घरात ‘गुड न्यूज’चा विषय निघाला, तर मुलांनो, तिच्या आधी स्वतःची अपॉइंटमेंट घ्या. आणि सासूबाई, तुम्हीही सुनेआधी मुलाला विचारा, ‘तुझी शुगर किती रे?’