क्रोध म्हणजे सामर्थ्य नव्हे

जपानी चित्रमालिका आज आमच्या घरोघरी पाहिल्या जातात. ‘अ‍ॅनिमे’ हा शब्द आजोबांना अपरिचित असला, तरी नातवाच्या तोंडी तो नित्य असतो. ह्या मालिकांतील एक प्रसंग तरुणांना विशेष प्रिय आहे. योद्धा हरत असतो, शत्रू त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या मित्राचा वध करतो, त्यासरशी योद्ध्याचा क्रोध उसळतो आणि क्षणापूर्वी जे बळ त्याच्या ठायी नव्हते ते शतगुणित होऊन प्रकट होते. ह्या प्रसंगाची भलावण करताना आमच्यातील काही मंडळी म्हणू लागली आहेत की, हा तर आमचाच नृसिंह, हीच आमची रणचंडी. मुलांनी ह्यापासून क्रोधाचे सामर्थ्य शिकले तर बिघडले कोठे? हे म्हणणे आम्हांस मुळीच मान्य नाही. त्याने जपानी कलावंतांवरही अन्याय होतो आणि आमच्या दैवतांवरही.

प्रथम त्या मालिकांचेच पाहू. अकिरा तोरियामा ह्यांची ‘ड्रॅगन बॉल’ ही चित्रकथा १९८४ ते १९९५ पर्यंत क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यावरील मालिकेत, १९९१ साली प्रक्षेपित झालेल्या भागात, फ्रीझा हा दुष्ट क्रिलिनला ठार करतो आणि गोकूचे केस सोनेरी होऊन त्याला अपूर्व बळ लाभते. क्रोधाचे भक्त हाच दाखला देतात. परंतु त्या रणभूमीकडे येताना ह्याच गोकूने यानात शंभरपट गुरुत्वाकर्षणाखाली देह झिजविला होता, ह्याचा त्यांना विसर पडतो. क्रोधाने कवाड उघडले असेल. आत साठविलेले धन मात्र तपाचे होते.

आणि पुढे काय झाले? गोकूचा पुत्र गोहान सेलशी लढताना असाच खवळतो आणि शत्रूहून कितीतरी बलवान होतो. पिता ओरडून सांगतो की, ह्याला ताबडतोब संपव. पुत्र ऐकत नाही. शत्रूला आणखी यातना भोगावयास लावण्यात त्याला गोडी वाटू लागते. त्या विलंबात सेल आत्मस्फोटास सिद्ध होतो आणि पृथ्वी वाचविण्यासाठी गोकूला त्याच्यासह प्राण द्यावे लागतात. योशिहिरो तोगाशी ह्यांच्या ‘हंटर हंटर’ मध्ये तर हिशेब अधिकच कठोर आहे. गुरुतुल्य काइट परत येणार नाही हे कळताच बालक गॉन आपल्या साऱ्या भावी आयुष्याचे बळ एका घटकेत ओढून घेतो. शत्रू मरतो, पण गॉनचा देह वाळून जातो आणि दुसऱ्याच्या कृपेने जीव वाचला तरी कमावलेली विद्या त्याला अंतरते. ह्याला सामर्थ्याचा गौरव म्हणावयाचे, की सर्वस्वाची उधळण?

‘डीमन स्लेअर’ चा ‘इन्फिनिटी कॅसल’ हा चित्रपट २०२५ च्या सप्टेंबरात हिंदीतूनही आमच्याकडे आला. त्यातील आकाझा हा राक्षस प्रतिपक्षाच्या मनातील युद्धावेश हेरून लढतो. तांजिरो त्याच्यावर मात करतो ती आवेश वाढवून नव्हे, तर तो पार निमवून. हा विचार जपानात जुना आहे. सतराव्या शतकात ताकुआन ह्या झेन भिक्षूने शोगुनच्या खड्गगुरूस हेच लिहिले की, मन कोठेही अडकले, मग ते शत्रूच्या तलवारीवर का असेना, की योद्धा हरलाच. जपानी मंदिरांत ज्वाळांनी वेढलेला, हाती खड्ग व पाश घेतलेला, उग्र मुद्रेचा फुदो म्यो-ओ पुजतात. तो मूळचा आमच्याकडील ‘अचल’. मुद्रा उग्र, पण नाव मात्र न ढळणाऱ्याचे!

कोणी विचारील, अन्यायाची चीड तरी असावी की नाही? अवश्य असावी. चीड माणसाला जागे करते. परंतु जागे होणे निराळे आणि जिंकणे निराळे. क्रोधापासून मोह, मोहापासून स्मृतिभ्रंश आणि त्यापुढे बुद्धिनाश, ही पायरी भगवंतांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सांगितली ती रणांगणावरच, धनुष्य धरावयाच्या वेळी. एकांतातील संन्याशाला नव्हे.

नृसिंहाची कथाही खांबापाशी संपत नाही. हिरण्यकशिपू मेल्यावरही तो कोप शमेना, देव जवळ जाण्यास धजेनात, तेव्हा बालक प्रल्हाद पुढे झाला. वेलिंगला आपण ज्याच्या पायी नमतो तो लक्ष्मीसह नांदणारा नृसिंह आहे. आणि कवळ्याची आमची माता? शिव आणि विष्णू ह्यांचे युद्ध तिने मध्ये उभी राहून शमविले, म्हणून ती शांतादुर्गा. दुर्गेच्या नावामागे ‘शांता’ हे पद लावणाऱ्या समाजाने क्रोध हेच बळ म्हणून मुलांना शिकवावे, ह्याहून मोठी विस्मृती कोणती?

मुलांकडून ह्या मालिका हिसकावून घ्या, असे आम्ही म्हणत नाही. उलट त्या पुऱ्या पाहू द्या, असेच आमचे सांगणे आहे. आज भ्रमणध्वनीवर क्रोधस्फोटाचे अर्ध्या मिनिटाचे तुकडे तेवढे फिरतात. त्यांत गोकूचे तपही नसते आणि गॉनचा वाळलेला देहही नसतो. वडीलधाऱ्यांनी मुलांशेजारी बसावे आणि “बाळ, पुढे काय झाले?” असे विचारावे. आणि ज्यांना देवळाच्या सभामंडपात नृसिंहाचा दाखला द्यावयाचा असेल, त्यांनी तो प्रल्हादापर्यंत द्यावा. अर्ध्यावर सोडू नये.