आधी ओळख, मग रंग

गोठ्यात पडलेली आजोबांची जीप बाहेर निघते आणि थेट गॅरेजात जाते. इथेच चुकते. गंज घासताना चेसिस क्रमांक पुसला गेला, तर गाडी कोणाची, कधीची, हे सिद्ध करणे महाकठीण. भंडाऱ्यात तर कागदांचाही गुंता आहे: 1956पर्यंत जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि 1999पर्यंत गोंदिया आपल्यातच होता. जुनी नोंद कोणत्या दप्तरात असेल, हे शोधण्यातच महिने जाऊ शकतात.

केंद्राच्या जुलै 2021च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षे उलटलेली, मूळ रूपातील खासगी दुचाकी-चारचाकी ‘विंटेज’ ठरते. नव्या नोंदणीला 20 हजार रुपये शुल्क, मुदत 10 वर्षे. रॅली-प्रदर्शनाला चालेल, रोजच्या फिरण्याला वा धंद्याला नाही. चेसिस, सांगाडा, इंजिनात मोठा फेरफार केला, की हा दर्जा गेलाच समजा. हौशी मालकांना नेमके हेच कोणी सांगत नाही.

एमएच-36च्या परिवहन कार्यालयाने तुमसर, साकोली, पवनीत शिबिरे घेऊन अशा गाड्यांची पडताळणी करून द्यावी. मालकांनीही पान्हा उचलण्याआधी क्रमांकाचा ठसा आणि छायाचित्रे घेऊन ठेवावीत.