पाहुण्यांची नावे छापली, नाटक कुठे आहे?

दिवाळी आटोपली, धान घरात येऊ लागले की झाडीपट्टीत मंडया, म्हणजे गावच्या जत्रा, भरतात. भाऊबीजेपासून होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांतल्या गावोगावी नाटके होतात. देसाईगंज, म्हणजे आपले वडसा, हे या रंगभूमीचे केंद्र. मंडळांची कार्यालये तिथे, आणि गावकरी नाटक ठरवायला जातात तेही तिथेच. रात्री दहा-साडेदहाला सुरू झालेले नाटक पहाटे संपते. एक-दोन दिवसांनी स्थानिक पानावर बातमी येते.

त्या बातमीत उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, दीपप्रज्वलक, प्रमुख अतिथी अशी वीस-बावीस नावे असतात. मग संचालन कोणी केले, आभार कोणी मानले, यशस्वितेसाठी कोणी परिश्रम घेतले. नाटकाचे नाव असलेच तर एकदा. लेखक कोण, बापाची भूमिका कोणी केली, पेटीवर कोण होते, याबद्दल एक अक्षर नाही. हजारो माणसे थंडीत रात्रभर बसली ती भाषणे ऐकायला, असा समज करून देणारी ही बातमी आहे. माझा तिला स्पष्ट विरोध आहे.

या बातमीच्या बाजूने तीन मुद्दे मांडले जातात. पहिला असा, की या नाटकांत लिहिण्यासारखे काही नसते. तेच हुंडा, तोच व्यसनी मुलगा, मध्येच घुसवलेले नाच आणि सगळा आरडाओरडा. यातले नाचाबद्दलचे म्हणणे मला मान्य आहे. कथानकाशी संबंध नसलेले नाच नाटकाची लय तोडतात. पण ते तोडतात, हे छापून कोणी सांगितले? चांगले आणि वाईट नाटक दोन्हींनाही ‘प्रेक्षकांचा उदंड प्रतिसाद’ हेच प्रमाणपत्र मिळत असेल, तर मंडळाने सुधारावे कशासाठी?

मोठ्या आवाजाचा आक्षेप मात्र मला मुळीच मान्य नाही. शेतात उभारलेल्या मंडपात शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत शब्द पोचवायचा असतो. नटाने काल एका गावी एक नाटक केलेले असते, आज दुसऱ्या गावी दुसरे. प्रॉम्प्टर वही घेऊन बसलेला असतो. या अटी वेगळ्या, म्हणून अभिनयाची कसोटीही वेगळी. बंद नाट्यगृहाचे माप इथे लावू नये.

मागे एका मंडईत मी पाहिलेला प्रसंग सांगतो. विनोदी प्रवेश नुकताच संपला होता आणि मंडप अजून हसत होता. कर्जात शेत गेलेला बाप रंगमंचावर आला. हातात धानाचे रिकामे पोते. त्याने आवाज चढवला नाही. खाली बसून तो पोत्याची घडी घालू लागला. एक घडी, दुसरी घडी. तिसऱ्या घडीला हसू थांबले, आणि मग तो पहिले वाक्य बोलला, अगदी हळू. समोर बसलेल्या प्रत्येकाला रिकामे पोते म्हणजे काय ते घरून ठाऊक होते. त्या नाटकाची बातमी मी दुसऱ्या दिवशी शोधली. पाहुण्यांची नावे पूर्ण होती. पोत्याची घडी घालणाऱ्या नटाचे नाव नव्हते.

दुसरा मुद्दा दयेचा. कलावंत गरीब आहेत, आपलीच माणसे आहेत, उगाच दोष कशाला काढायचे? या दयेत मला आदर दिसत नाही. गावातल्या सुताराने केलेला नांगर आपण उलटसुलट पाहतो, कारण त्याच्या कामाची आपल्याला किंमत असते. नटाचे काम न पाहता केलेली स्तुती त्याच्या पदरात काहीच टाकत नाही. नेमके लिहिलेले चार शब्द, मग ते दोषाचे का असेनात, त्याला पुढच्या प्रयोगात उपयोगी पडतात.

तिसरा मुद्दा व्यवहाराचा. पानावर जागा नाही, आणि नावे छापली तरच अंक खपतो. खरे आहे, गावात नावे वाचली जातात. मग नायिकेचे, तबलजीचे, प्रॉम्प्टरचे नावही वाचले जाईल. त्यांनाही घर आहे, गाव आहे, कात्रण जपून ठेवणारी आई आहे. पाहुण्यांना दोन ओळी दिल्या की उरलेली जागा नाटकाचीच आहे.

आता उलट बाजूने, म्हणजे न लिहिल्याने काय हरवते ते बघा. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे झाडीपट्टी नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. सुमारे ८०० भूमिका आणि ५,००० हून अधिक प्रयोग ही त्यांची कमाई. त्यांतल्या किती प्रयोगांचे वर्णन आज वाचायला मिळते? विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केले, तेही मुंबई-पुण्यापासून दूरच्या एका संस्थानातले स्थानिक नाटकच होते. ५ नोव्हेंबरला आपण त्याच्या आठवणीने रंगभूमी दिन साजरा करतो. लोकांनी लिहून ठेवले म्हणून तो इतिहास झाला. झाडीपट्टीतले दंडार, खडी गंमत हे लोककलाप्रकार आणि त्यांच्याशी नाते सांगणारे आजचे नाटक यांचा इतिहास मांडायला उद्या कोणी बसला, तर त्याच्या हाती आपण उद्घाटकांची यादी देणार का?

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. नाटकाच्या बातमीत पाच गोष्टी हव्यातच: नाटक आणि लेखक, सर्व कलावंत, वादक, पाहून लिहिलेला एक प्रसंग, आणि एक प्रामाणिक मत. त्यासाठी वार्ताहराला समीक्षक असण्याची गरज नाही. भाषणे संपल्यावर उठून न जाता पहाटेपर्यंत बसावे लागेल, एवढेच.

आणि वाचकहो, तुमच्याही हातात काही आहे. यंदा तुमच्या गावच्या मंडईत नाटक झाले की बातमी वाचा. त्यात नटाचे नाव नसेल तर वार्ताहराला फोन करा आणि विचारा, ‘नाटकात काम कोणी केले?’ दहा गावांनी हा प्रश्न विचारला, तर पुढच्या हंगामात बातमी बदललेली दिसेल.