आधी अंग तापू द्या



पोलीस भरतीच्या मैदानी सरावावर आलेल्या पत्रात धावण्याआधी बराच वेळ बसून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत वाकण्याचा सल्ला होता. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे गट क्रमांक ५ आणि ७ आहेत. त्या भरतीत पोरांना ५ किलोमीटर धावावे लागते, जिल्हा पोलिसांत १६०० मीटर. शिरूर-दौंडकडची पोरे पहाटे त्यासाठीच रस्त्यावर असतात, म्हणून हे उत्तर.

थंड स्नायू ओढून दुखापत टळते, याला भक्कम आधार नाही. उलट एकच स्नायू मिनिटभराहून अधिक ताणून धरला, तर लगेचच्या धावेत जोर थोडा कमीच पडतो. आधी पाच-दहा मिनिटे झपझप चालावे, हलके पळावे, मग पाय झुलवावेत, गुडघे उचलावेत. लांब ताण धावून झाल्यावर. पोटरी आणि मांडीची मागची बाजू २०-३० सेकंद, दोन-तीनदा, हिसके न देता, श्वास न रोखता. ओढ जाणवावी, कळ किंवा मुंग्या आल्या की सोडावे. पाठीवर मित्राला बसवून दाबून घेणे तर निव्वळ आडदांडपणा!

हात पायाला टेकत नाहीत म्हणून लाजू नये. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी पट्टा, ठोकळे, खुर्ची यांना योगासनांत मानाची जागा दिली. घरचा टॉवेल तळपायाला अडकवला तरी भागते. आठवड्यातून दोन-तीनदा नेमाने केले, तरी फरक दिसायला काही आठवडे जातात. गोळाफेकीच्या सरावाने खांदा आधीच दुखत असेल, तर तो ताणत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

— एक वाचक, शिरूर