निळा धूर आणि इंजिनाचा पंचनामा

आमच्या कित्येक शेतकरी बंधूंची अशी पक्की समजूत झालेली दिसते कीं, ट्रॅक्टर निळा धूर टाकूं लागला म्हणजे इंजिन बांधून घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं. ही समजूत अर्धीच खरी आहे, आणि तिच्यापायीं हंगामाच्या तोंडावर पुष्कळांचे पैसे विनाकारण जातात असें आमचें मत आहे. आम्ही यंत्रशास्त्र शिकलेले नव्हे. आमचें शिक्षण मराठी शाळेपुरतें, आणि पुढें तीस वर्षें महसूल खात्यांत कारकुनी केली. तेथें अतिवृष्टीनें पऱ्हाटी बुडाली तरी पंचनामा झाल्यावांचून नुकसानीचा आंकडा कागदावर चढत नसे. इंजिनाच्या बाबतींत मात्र निकाल आधीं लागतो, आणि पंचनामा कोणी करीतच नाहीं.

आमचीच गोष्ट सांगतों. आम्ही राहतों नागपुरास मनीषनगरांत. शेत बुटीबोरीच्या पलीकडे. ऐन मृगाच्या तोंडावर आमचा ट्रॅक्टर सकाळीं चालू करतांना निळा धूर टाकूं लागला, व चारचार दिवसांनीं ऑइल घालावें लागूं लागलें. एका कारखान्यांत नेला. तेथील मिस्त्रीनें धुराड्याकडे एकवार पाहिलें आणि "काकाजी, रिंगा गेल्या, हाफ इंजिन करावें लागेल," असा निकाल दिला. पिस्टन, रिंगा, लायनर बदलले. हेड पुसून होतें तसेंच बसविलें. अकरा दिवस गेले, आणि गांठीचा पैसाही गेला. भाड्याचा ट्रॅक्टर लावून पेरणी केली, तीही शेजाऱ्यांच्या मागून. बाराव्या दिवशीं सकाळीं सेल्फ मारला, तों तोच निळा धूर! पुढें बेसा रस्त्यावरील एका म्हाताऱ्या मिस्त्रीनें हेड न उतरवतां, केवळ वरचें झांकण काढून, आठ लहान रबरी सीलें बदललीं आणि धूर थांबला. तीं जुनीं सीलें आमच्या मुठींत मावलीं. सुकलेल्या बोरांसारखीं कडक झालीं होतीं. सारा दोष त्या कारखान्याच्या माथीं मारून आम्हांस मोकळें होतां येत नाहीं. आम्हींच कांहीं विचारलें नव्हतें.

हें सील म्हणजे काय, तें सांगणें अवश्य आहे. इंजिनाच्या हेडांत हवा आंत घेणारे व धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह असतात. प्रत्येक व्हॉल्व्हची दांडी एका धातूच्या नळींत वरखालीं सरकते; त्या नळीस गाइड म्हणतात. दांडीस वरून ऑइल मिळत असतें, पण तें नांवापुरतेंच खालीं जावें म्हणून नळीच्या तोंडावर रबरी टोपी बसविलेली असते. हेंच व्हॉल्व्ह सील. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनें रबर कडक होतें, त्याची कड चिरते, आणि ऑइल दांडीवरून पाझरून सिलिंडरांत उतरतें. विहिरीवरच्या जुन्या संथ इंजिनांपैकीं कित्येकांत असलें सील नसेच. तेथें सारी भिस्त दांडी व नळी यांमधील फटीवर असे. किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना १९४६ सालीं पुण्यास निघाला व पुढें तीं इंजिनें गांवोगांव पोंचलीं. ऑइल खाल्लें कीं रिंगा पाहाव्या, हा नियम आमच्या वडिलांच्या पिढीनें तसल्याच यंत्रांवरून बसविला असावा असें आम्हांस वाटतें. त्या यंत्रांस तो ठीक होता. आजच्या ट्रॅक्टरास तो पुरत नाहीं.

मनीषनगरच्या रेल्वे फाटकावर २०२० सालीं पूल खुला झाला. त्यापूर्वीं फाटक पडलें म्हणजे रेतीविटांचे ट्रक इंजिन चालू ठेवून बराच वेळ उभे राहत. फाटक उघडलें कीं एखादा ट्रक निळ्या धुराचा लोट सोडी, आणि शंभर पावलें गेल्यावर त्याचा धूर स्वच्छ होई. दुसरा मात्र ओझें ओढतांना शेवटपर्यंत निळाच ओकत जाई. स्कूटरवर नाक दाबून उभे असतांना हा भेद आम्हीं शेंकडों वेळां पाहिला होता. त्याचा अर्थ पैसा गेल्यावर कळला. पहिल्याचें ऑइल वरून, दांडीवाटे पाझरलेलें. मंद चालींत किंवा रात्रभर उभें असतां तें सांचतें, आणि इंजिनास जोर दिला कीं एकदम जळून जातें. दुसऱ्याचें खालून, रिंगांच्या बाजूनें चढलेलें. म्हणून तें काम चालू असेपर्यंत जळतच राहतें. (काळा धूर म्हणजे हवा कमी अथवा डीझेल अधिक, व पांढरा म्हणजे न जळलेलें डीझेल किंवा पाणी. ते रोग निराळे.)

आतां उलट बाजूनेंही चूक होऊं नये. पेट्रोलच्या गाडींत हवेच्या वाटेवर झडप असते, त्यामुळें मंद गतींत आंत मोठी ओढ निर्माण होते व सील गेलें कीं ऑइल शोषलें जातें. डीझेलच्या इंजिनांत बहुधा ती झडप नसते, ओढ कमी असते. शिवाय टर्बो असल्यास ओझ्याखालीं हवा दाबानेंच आंत शिरते. म्हणून नांगरटीच्या भर कामांत निळा धूर निघत असेल, तर सीलावर आरोप ठेवण्यापूर्वीं रिंगा व टर्बो पाहावे. टर्बोपुढचा हवेचा पाइप सोडवून आंत ऑइल सांचलें आहे काय तें बोट फिरवून पाहावें. ब्रीदरची नळी धूळ व कुटारानें तुंबली, किंवा ऑइल काठीच्या वरच्या खुणेपलीकडे भरलें, एवढ्यानेंही ऑइल वर ढकललें जातें. तुंबलेला ब्रीदर साफ करण्यास पैसा पडत नाहीं. म्हणूनच कीं काय, तो सहसा कोणी सुचवीत नाहीं.

खरा पंचनामा दाबमापकानें होतो. डीझेलचा पुरवठा बंद करून, नोझल काढून त्या जागीं मापक बसवावा, इंजिन सेल्फवर फिरवावें व प्रत्येक सिलिंडरचा दाब लिहून ठेवावा. पेट्रोलच्या गाडीचा मापक येथें चालत नाहीं. डीझेलचा दाब कितीतरी अधिक असतो. मग त्याच सिलिंडरांत लहान चमचाभर ऑइल सोडून पुन्हा पाहावें. दाब ठळकपणें वाढला तर रिंगा अथवा लायनर झिजले. मूळचाच दाब कंपनीच्या पुस्तकांतल्या आंकड्याइतका असेल, तर खालचा भाग शाबूत समजण्यास हरकत नाहीं. ऑइल मात्र चमच्याहून अधिक घालूं नये. डीझेल इंजिनांत पिस्टनवर जागा फार थोडी असते आणि ऑइल दबत नाहीं. कनेक्टिंग रॉड वांकण्याचें भय असतें.

सील बदलण्यास बहुतेक ट्रॅक्टरांचें हेड उतरावेंच लागतें असें नाहीं. त्या सिलिंडरचा पिस्टन अगदीं वर आणून ठेवला म्हणजे व्हॉल्व्ह सुटला तरी आंत पडत नाहीं. स्प्रिंग दाबून कॉटर काढावे, जुनें सील उचलावें, दांडीस ऑइल लावावें, आणि दांडीच्या खांचेवर नव्या सीलाची कड कापली जाणार नाहीं अशा बेतानें तें सरळ दाबून बसवावें. स्प्रिंग काढलेली असतांनाच दांडी हातानें हलवून पाहावी. ती ठळक डुलत असेल तर गाइड झिजलें आहे; मग हेड उतरवून तें बदलल्यावांचून नवें सीलही फार दिवस टिकणार नाहीं. शेवटीं टॅपेटची फट पुस्तकाप्रमाणें लावावी. सील घेतांना भाव विचारण्याआधीं रबराची जात विचारावी: व्हायटॉनचें सील महाग पडतें, पण साध्या नायट्राइलपेक्षां उष्णता पुष्कळ अधिक सोसतें. आणि रेडिएटरच्या जाळींत सोयाबीनचें कुटार तसेंच राहूं दिलें, तर कोणत्याही जातीचें रबर लवकरच कडक होईल.

कोणी म्हणेल, इंजिन जुनें झालें, आज ना उद्यां उघडावेंच लागणार. ज्याचा दाब खरोखर उतरला त्यानें खुशाल उघडावें. आमचें म्हणणें फक्त क्रमाबद्दल आहे. प्रत्येक ट्रॅक्टरधारकानें एक वही घालावी आणि तींत तासांच्या मीटरचा आंकडा व घातलेलें ऑइल लिहावें. मिस्त्रीनें इंजिन उघडण्यापूर्वीं दाबाचे आंकडे कागदावर लिहून मागावे. मापक एकट्यास घेणें जड जाईल, तर आपल्या संघानें डीझेलचा एक मापक विकत घेऊन सभासदांस वापरण्यास द्यावा. तो नेणाऱ्याचें नांव, तारीख व सिलिंडरनिहाय दाब यांची नोंदवही ठेवावी लागेल. ती वही सांभाळण्याचें काम आम्ही विनावेतन करूं.