सहिष्णुता नको, हक्क हवा

एप्रिल जवळ आला की जालना जिल्ह्यात भीमजयंतीच्या मिरवणुकीसाठी शांतता समितीच्या बैठका सुरू होतात. अशा बैठकीत कुणीतरी मोठ्या मनाचा माणूस म्हणतोच, "आम्ही कधी अडवलं का? काढू देतोच ना मिरवणूक!" मित्रांनो, या 'काढू देतो'मध्ये सहिष्णुतेचे सगळे तत्त्वज्ञान आले. देणारा वर, घेणारा खाली.

मध्ययुगातली सहिष्णुता अशीच होती. अकबराने १५६४ मध्ये जिझिया रद्द केला. अबुल फजलने 'सुलह-इ-कुल', म्हणजे सर्वांशी सलोखा, हा राजधर्म म्हणून मांडला. हाच अबुल फजल काही काळ आपल्या जालन्यात राहिला होता, असे सांगतात. त्या काळात हे पाऊल मोठेच होते. पण ती बादशहाची मर्जी होती. १६७९ मध्ये औरंगजेबाने जिझिया पुन्हा लादला. फ्रान्समध्येही तेच घडले. राजाने १५९८ मध्ये प्रोटेस्टंटांना दिलेली मुभा त्याच्याच नातवाने १६८५ मध्ये काढून घेतली. १६८९ मध्ये प्रसिद्ध झालेले सहिष्णुतेवरचे पत्र लिहिणाऱ्या जॉन लॉकनेही नास्तिकांना तीतून वगळलेच.

आणि ही सहिष्णुता धर्माधर्मांपुरतीच बोलते. धर्माच्या आत जात काय करते, यावर ती गप्प. चोखोबांचे जन्मगाव मानले जाणारे मेहुणाराजा जालन्याच्या सीमेपासून जवळच आहे. पंढरपुरात त्यांचे अभंग चालले, माणूस चालला नाही. समाधी पायरीशीच राहिली. याला सहिष्णुता म्हणायचे असेल तर ती पायरीपर्यंतचीच!

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. काळारामाच्या दारात १९३० पासून सत्याग्रह केला, तो मेहरबानीसाठी नव्हे, माणूस म्हणून समान हक्कासाठी. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम २५ ने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य प्रत्येक व्यक्तीला दिले आणि सार्वजनिक हिंदू मंदिरे सर्व वर्गांना खुली करण्याचा अधिकार राज्याला दिला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंनी धम्म स्वीकारला, तो कुणाची परवानगी मागून नव्हे.

कुणी म्हणेल, आजच्या विषारी वातावरणात सहिष्णुता तरी टिकू द्या. टिकू द्या! घरे जाळण्यापेक्षा सहन करणे केव्हाही बरे. पण तो तळ आहे, शिखर नव्हे. शिखर आहे बुद्धाची मैत्री, आणि मैत्री बरोबरीच्या माणसांतच होते.

म्हणून पुढच्या बैठकीत नम्रपणे, पण ठणकावून सांगा: मार्ग आणि वेळ पोलिसांनी सर्वांना सारख्याच नियमाने ठरवावी. गावाने 'देण्याचा' प्रश्नच नाही. रस्ता आमचाही आहे.

जय भीम!