भाववाढीला घाबरू नका, रखडलेल्या कामाला घाबरा



मालेहून पुण्याला निघालं की पौड, पिरंगुट, भूगाव आणि मग चांदणी चौक. त्या चौकातल्या उड्डाणपुलाचं भूमिपूजन ऑगस्ट २०१७ मध्ये झालं. जुना पूल पाडला २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री. उद्घाटन झालं १२ ऑगस्ट २०२३ ला. म्हणजे जवळजवळ सहा वर्षं. आम्ही मुळशीकरांनी ती वर्षं गाडीत बसून मोजली आहेत. तेव्हा सगळे ट्रॅफिकला शिव्या घालत होते, मीही घालत होतो. पण धंदा शिकवायला लागल्यापासून मला त्या चौकात दुसराच प्रश्न पडायला लागला. या सहा वर्षांत सिमेंट, सळई, डिझेल, मजुरी सगळं बदललं. मग सुरुवातीला ज्यांनी दर दिले होते, त्यांचं काय झालं असेल?

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण पेव्हर ब्लॉक आणि फूटपाथच्या कामाचा धंदा बघितला. शहरात रस्ते सुधारणेची कामं भरपूर निघतात आणि आपल्याकडची बरीच पोरं त्यात पेटी कंत्राट घेतात. कुणाचा जेसीबी असतो, कुणाचा टेम्पो, कुणाची ब्लॉक बसवणारी गँग. त्या सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, "सर, काम घेतलं आणि मधेच भाव वाढले तर?"

माझं मत सरळ सांगतो. भाववाढीने छोटा कंत्राटदार सहसा मरत नाही. तो मरतो काम रखडल्यामुळे. पण हिशेब करताना आपण फक्त भाववाढ बघतो, कारण ती बिलावर छापून येते. उशिराचं बिल कोणी छापून देत नाही.

आधी मोठा हिशेब बघू

पुण्यातलाच कात्रज-कोंढवा रस्ता घ्या. राजस सोसायटी ते खडी मशीन चौक, साधारण साडेतीन किलोमीटर. विकास आराखड्यात हा रस्ता ८४ मीटर रुंद दाखवलेला. २०१८ मध्ये रुंदीकरणाचं काम निघालं. पण जागा महापालिकेच्या ताब्यात नव्हती. जागामालकांना टीडीआर नको होता, रोख मोबदला पाहिजे होता. ते त्यांच्या बाजूने चूकही नाही. पण तेवढी रोख रक्कम महापालिकेकडे नव्हती. मग जागा मिळेल तिथे तुकड्या-तुकड्यात काम, बाकी ठिकाणी थांबा. शेवटी रुंदी ८४ वरून ५० मीटरवर आणायचं ठरलं, आणि जागेसाठी राज्य सरकारने २०० कोटी रुपये देण्याचं जाहीर केलं.

यावर बऱ्याच जणांनी टीका केली. माझ्या मते रुंदी कमी करायचा निर्णय बरोबर होता, फक्त फार उशिरा झाला. हातात पैसा पन्नास मीटरचा असेल तर पन्नास मीटर पूर्ण करावा आणि वापरात आणावा. खर्च आटोक्यात ठेवायचा हा प्रामाणिक मार्ग आहे. अप्रामाणिक मार्ग कोणता? रुंदी कागदावर तेवढीच ठेवायची आणि आतला खडीचा थर पातळ करायचा. तो पहिल्या पावसाळ्यात उघडा पडतो.

मोठ्या कामात जागेचं महत्त्व नियमातही आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या करारांत कामाच्या प्रकाराप्रमाणे ८० ते ९० टक्के जागा ताब्यात आल्याशिवाय कामाची अधिकृत सुरुवात धरायची नाही, असा दंडक आहे. माझं म्हणणं, शहरातल्या रस्त्यांनाही हाच दंडक लावा. आधी जागा, मग वर्कऑर्डर, मग नारळ. जमिनीचा प्रश्न न सोडवता काम रेटलं की काय होतं हे मुळशीला कोणी शिकवायची गरज नाही. धरणाविरुद्धचा सत्याग्रह इथेच १९२१ मध्ये झाला होता.

आता आपला छोटा हिशेब

मोठ्या कंत्राटदाराकडे वकील असतो, बँक असते, करारात भाववाढीचं कलम असतं. बांधकाम खात्याच्या मोठ्या कामांत डांबर, सिमेंट, सळई यांचा मूळ दर धरलेला असतो आणि वर-खाली झालं की फरक मिळतो. 'स्टार रेट' हा शब्द तुम्ही साइटवर ऐकला असेल, तो हाच. पेटी कंत्राटदाराकडे काय असतं? व्हॉट्सअॅपवरचा एक मेसेज. "९०० ने फायनल, सोमवारी गँग पाठव."

वही काढा, माझ्यासोबत लिहा. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या भागाचे तुम्ही टाका.

समजा १,००० चौरस मीटर फूटपाथवर पेव्हर ब्लॉक बसवायचे आहेत. दर ९०० रुपये. एका चौरस मीटरला खर्च असा: ब्लॉक ४५०, खाली पसरायची क्रश सँड ९०, टेम्पो ६०, मजुरी १६०, तूट-फूट आणि किरकोळ ४०. एकूण ८००. सुटतात १००. म्हणजे पूर्ण कामात एक लाख नफा.

आता भाव वाढले. ब्लॉक, सँड आणि टेम्पो मिळून ६०० रुपये होतात. त्यावर १० टक्के वाढ म्हणजे ६० रुपये. नफा १०० वरून ४० वर. दहा टक्के भाववाढीने साठ टक्के नफा खाल्ला. वाईट आहे, पण ४० हजार घेऊन तुम्ही घरी जाता.

आता भाव अजिबात वाढले नाहीत असं धरा, फक्त काम तीन महिने थांबलं. ड्रेनेजची लाइन टाकायची राहिली, विजेचा खांब हलला नाही, एका दुकानदाराने कोर्टातून स्थगिती आणली. काहीही असू शकतं. गँग सोडली तर परत मिळणार नाही म्हणून तुम्ही मुकादमाला धरून ठेवता, महिना २०,००० रुपये. मजुरांच्या खोलीचं भाडं ८,०००. कॉम्पॅक्टरचं भाडं १२,०००. आणि उतरवून ठेवलेल्या मालात तीन लाख अडकलेत, त्यावर महिना दीड टक्का व्याज म्हणजे ४,५००. एकूण महिना ४४,५००. तीन महिन्यांचे १,३३,५००.

एक लाखाचा नफा गेला आणि वर ३३,५०० खिशातून. एक रुपयासुद्धा भाव वाढलेला नसताना!

प्रत्यक्षात दोन्ही एकत्र येतात, कारण काम लांबलं की भाव वाढायला वेळ मिळतो. २०२२ आठवा. फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झालं, कच्चं तेल भडकलं, सळई एवढी महागली की मे महिन्यात केंद्र सरकारला पोलादावर निर्यात शुल्क लावावं लागलं. जुलैमध्ये सरकारी रस्त्यांच्या कामावरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. ज्याने 'सर्व करांसह' दर दिला होता, त्याच्या शंभर रुपयांमागे साधारण पाच रुपये तिथेच गेले. काम वेळेत उरकून बिल घेतलेला माणूस यातल्या बऱ्याच गोष्टींतून सुटला. अडकलेला माणूस सगळ्यांत सापडला.

त्या अडकलेल्यांत मीपण होतो. दुकानाचा माल जातोच आहे तर बसवायचं कामही घेऊ, या हिशेबाने मी जानेवारी २०२२ मध्ये शहरातल्या एका रस्त्याच्या फूटपाथचं सब-काम घेतलं. "साठ दिवसांत मोकळे व्हाल" असं सांगितलं होतं. जागेवर गेलो तर जुनी केबल तशीच. प्रत्यक्ष काम सुरू झालं मे महिन्यात. तोपर्यंत ब्लॉकवाल्याने दर वाढवला होता, गँग दुसरीकडे गेली होती आणि माझ्याकडे कागद एकही नव्हता. मुख्य कंत्राटदाराला मुदतवाढ मिळाली, मला मिळाला अनुभव. बीबीएला कॉस्टिंगच्या पेपरात बरे मार्क होते, त्याचा तिथे काही उपयोग झाला नाही. कारण चूक बेरजेत नव्हती. जागा बघायच्या आधी मी दर दिला होता, ती चूक होती.

मग करायचं काय?

पहिलं, दर देण्याआधी रस्ता पायी चालून या. खांब, झाडं, चेंबर, केबल, टपऱ्या, पुढे आलेले ओटे मोजा. आणि मुख्य कंत्राटदाराला एकच प्रश्न विचारा, "आज मला सलग किती मीटर मोकळं मिळेल?" उत्तर "होऊन जाईल" असं आलं तर समजा की शून्य मीटर.

दुसरं, दराला तारीख घाला. 'हा दर ३० दिवस, त्यानंतर नव्याने ठरेल.' एका ओळीचं काम आहे.

तिसरं, मूळ दर लिहा. ज्या दिवशी कोटेशन देता त्या दिवशीचा ब्लॉकचा, सिमेंटचा, डिझेलचा भाव त्यातच टाका. पाच टक्क्यांच्या वर फरक पडला तर तो वेगळा. भाव उतरला तर तुम्हीही कमी घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. अशा वेळी आपण होऊन दर कमी केलात तर पुढचं काम तुम्हालाच येईल.

चौथं, थांब्याचे पैसे ठरवा. गँग आणि मशीन जागेवर आल्यावर जागा मिळाली नाही तर दिवसाला इतके. आकडा छोटा असला तरी चालेल. तो लिहिलेला असला की समोरचा उगाच लवकर बोलवत नाही.

पाचवं, काम तुकड्यात घ्या. २०० मीटर झाले की दोघांनी मिळून मोजमाप, सही, बिल. पैसे आले की पुढचे २०० मीटर. माल पण तेवढाच उतरवा. "भाव वाढणार आहेत, आत्ताच सगळा घेऊन ठेव" असं सांगणारे खूप भेटतील. स्वस्तात घेतलेला माल सहा महिने रस्त्याकडेला पडला की तो स्वस्त राहत नाही. आणि सकाळी मोजला तर कमीच भरतो.

सहावं, तुम्ही माल पुरवत असाल तर उद्यम नोंदणी करून ठेवा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असा २००६ च्या कायद्यात नियम आहे, उशीर झाला तर व्याजाचीही तरतूद आहे. कायद्याने पैसे आपोआप येत नाहीत, पण मागताना आवाज जरा सरळ निघतो.

"एवढं लिहून मागितलं तर काम दुसऱ्याला जाईल"

जाईल. खोटं कशाला बोलू? त्या अनुभवानंतर माझी दोन कामं अशीच गेली. समोरचा म्हणाला, "तुमच्यासारखे छप्पन आहेत." बरोबर आहे, छप्पन आहेत. पण ते छप्पन कशावर जगतात ते बघा. निविदा वीस-वीस टक्के बिलो भरलेली असते. वरचा कंत्राटदार त्याची कसर खालच्यावर काढतो, खालचा मजुरांवर आणि मालावर. २०२५ मध्ये थकीत बिलांसाठी राज्यभरच्या कंत्राटदारांनी आंदोलनं केली. वरच्याचेच पैसे अडकलेत तर तुमचे कुठून येणार?

म्हणून सहाच्या सहा अटी मिळाल्या नाहीत तरी एक सोडू नका, तुकड्यात बिल. बाकी पाच सोडून दिल्यात तरी नुकसान जास्तीत जास्त २०० मीटरचं होईल. आणि तीही मिळत नसेल तर ते काम सोडा. घरी बसलेली गँग एक आठवडा महाग पडते. अडकलेली गँग दागिने मोडायला लावते.

भाव वाढणं तुमच्या हातात नाही, माझ्याही नाही. कोणत्या रस्त्यावर पाय टाकायचा हे मात्र अजून आपल्या हातात आहे. तेव्हा या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या जवळचं एखादं चालू रस्त्याचं काम निवडा, पायी चाला आणि वहीत लिहा, सलग किती मीटर मोकळं आहे. दर कितीचा, हे त्यानंतर.

भेटू पुढच्या व्हिडिओत. कोटेशनचा नमुना तिथे ओळ-ओळ लिहून दाखवतो.